संध्याकाळी सगळं उजवीकडे

आई, मला तुझा राग आला आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर रागावणं कुणालाच बरं दिसणार नाही. गावी गेले की चुलतभाऊ तुझ्या हातच्या भाकरीची आठवण काढतात, वहिनी तुझ्या सोसण्याचं कौतुक करतात, आणि मी मान डोलावते. मान डोलावताना दर वेळी मला वाटतं की यांना तुझे हात माहीतच नाहीत. ते फक्त मला माहीत आहेत, कारण तू ते माझ्यासमोर कधीकधी मोकळे सोडायचीस आणि मग माझेच बांधायचीस. हे वाक्य लिहून मी थांबले. जरा वाढवून सांगते आहे का? नाही. बांधायचीस हे शब्दशः खरं आहे.

माझा उजवा हात बिघडला आहे. अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत एक शीर तापलेल्या तारेसारखी ठणकते. इथे नगरला सावेडीतल्या डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला आणि हा हात कीबोर्डपासून काही महिने लांब ठेवा म्हणाले. माझं काम सगळं कीबोर्डवरचं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरून सकाळच्या दुधाच्या फायली येतात. कुणाचं दूध किती, फॅट किती, हे सगळं त्यात असतं. त्या तपासायच्या, चुकलेल्या ओळी शोधायच्या, एकत्र करून डेअऱ्यांकडे पाठवायच्या. हे काम मी माउसने करत नाही. काळ्या पडद्यावर कमांड लिहून करते, आणि आमच्या ऑफिसात ते माझ्याइतकं झटपट कुणाला जमत नाही. हे मी तुला फुशारकी म्हणून सांगत नाही. ते टेबल गेलं तर माझ्याजवळ दुसरं काही राहत नाही, म्हणून सांगते. साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले, मॅडम, त्रास होत असेल तर तुम्हाला फोनवर बसवतो, केंद्रवाल्यांच्या तक्रारी घ्या. मी म्हटलं, डाव्या हाताने करून दाखवते. ते म्हणाले, करा, पण मशीनच्या मांडणीला हात लावू नका. संध्याकाळच्या माणसाला जसं आहे तसं मिळालं पाहिजे.

कारण ते मशीन माझ्या एकटीचं नाही. सकाळच्या दुधाला मी बसते, संध्याकाळच्या दुधाला बेलापूरहून येणारा एक जण बसतो. मशीन एक, खुर्ची एक, लॉगिनही एकच. मी माझ्या सोयीचं काही बदललं तर संध्याकाळी त्याची बोटं अडखळणार. तेव्हा मी कंटेनर बांधायचं ठरवलं. तुला समजेल असं सांगते. त्याच मशीनच्या पोटात एक बंद खोली करता येते. खोलीत काय कुठे ठेवायचं हे एका फाईलमध्ये ओळीने लिहून द्यायचं, की मशीन ती खोली तशीच्या तशी उभी करतं. आतली मांडणी आपली, आतली भांडी आपली. काम झालं की खोली मोडून टाकायची. बाहेर काहीही हललेलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याच फाईलवरून ती पुन्हा उभी राहते. कंपनीचं एक काम असंच चालतं, त्यामुळे ही सोय मशीनवर होतीच, मला परवानगीही मागावी लागली नाही.

जेवणाच्या सुट्टीत बसून मी ती बांधली. कीबोर्डची डावी बाजू तेवढी माझी, म्हणून रोजच्या प्रत्येक कमांडला मी फक्त डाव्या बाजूच्या अक्षरांतलं आखूड नाव दिलं. फाईल उघडून पाहायची तर बी, ए, जी. म्हणजे बघ. पुढे पाठवायची तर व्ही, ए, डी. म्हणजे वाढ. एंटर उजवीकडे असतं, तिथपर्यंत हात जायला नको म्हणून कंट्रोल आणि एफ दाबलं की ओळ चालू होईल असं केलं. जुन्या कमांड पुन्हा बोलावण्यासाठीची बाणांची बटणंही उजवीकडे. त्यांचं काम डावीकडच्या बटणांना लावून दिलं. पडद्यावरचा रंग मला आवडतो तसा. पहिल्या दिवशी सकाळी मी ते सुरू केलं आणि डावा हात त्या बटणांवर ठेवला. आई, त्याला काही शिकवावं लागलं नाही. चाळीशी ओलांडलेला, आयुष्यभर नुसता कागद धरून ठेवायला आणि पिशव्या उचलायला वापरलेला हात, आणि तो असा चालला की जणू कुणीतरी बोलवायची वाट बघत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा वेळ. संध्याकाळी निघताना मी खोली मोडली, टेबलावरचा माउस डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला, खुर्ची त्याच्या उंचीला आणली, आणि मग हे सगळं मी कुठे पाहिलं आहे ते मला आठवलं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत माझे दात एकमेकांवर दाबलेले होते.

मिरजगावचं आपलं स्वयंपाकघर. मांडणी सगळी थोरल्या काकूची. मिठाचं मडकं चुलीच्या उजवीकडे, पिठाचा डबा उजवीकडे, उलथनं उजवीकडच्या खुंटीला. घरात तीन जावा, पाळीपाळीने स्वयंपाक, आणि पाळी कुणाचीही असो, वस्तू जिथल्या तिथे गेली पाहिजे हा घरचा कायदा. ज्वारी काढणीच्या दिवसांत सगळे रानात असत आणि घरात तू, मी आणि ताप आलेली असली तर माझी भावंडं. मी उंबऱ्याशी बसलेली आहे. तू एकदा अंगणात डोकावून येतेस. मग काठवट स्वतःकडे ओढून घेतेस आणि मडकं, डबा, पाण्याचा तांब्या, एकेक करून सगळं डावीकडे नेतेस. इतक्या सवयीने, की हे तू पहिल्यांदा करत नव्हतीस हे मला त्या वयातही कळलं. आणि मग तुझा डावा हात भाकरी थापू लागतो. पाळीच्या दिवशी तू भाकऱ्या करायचीस तेव्हा काकू म्हणायची, मधलीच्या भाकरीला कडा न्हाई. त्या दुपारच्या तुझ्या भाकरीला कडा होती, ती गोल होती, आणि तू ती तव्यावर टाकताना माझ्याकडे बघून हसलीस. तुझा चेहरा मी तसा पुन्हा फार वेळा पाहिला नाही. मग बाहेर बैलगाडीचा आवाज आला. तुझे हात नुसते पळाले. मडकं, डबा, तांब्या, सगळं उजवीकडे. काकू आत आली तेव्हा तू उजव्या हाताने, कडा नसलेली भाकरी थापत होतीस.

मी तुझं गुपित कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, आपण दोघी एका बाजूच्या आहोत. म्हणून मला पुढचं समजलंच नाही. घरी जागरण-गोंधळ होता, अंगणात पंगत बसली होती, आणि मला मीठ वाढायला दिलं होतं. मी फार महत्त्वाचं काम मिळाल्यासारखी चालत होते. कोण जाणे किती पानांवर वाढून झालं होतं, तोवर कुणीतरी पाहुणी म्हणाली, अगं बया, ही डाव्या हातानं वाढती. एवढंच. हसत म्हणाली होती. तू वरणाचं पातेलं खाली ठेवून आलीस आणि वरणाची पळी माझ्या डाव्या मनगटावर मारलीस. आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "आमच्यात कुणी डावरं न्हाई. ही कुणावर गेली कुणाला ठावं."

हे वाक्य मी किती वेळा घोकलं असेल. मार मी विसरले असते. त्या काळी सगळ्यांनाच मार पडत होता. पण तू ते वाक्य मला उद्देशून बोललीच नव्हतीस. तू ते पाहुणीला आणि काकूला सांगत होतीस, आणि सांगण्यासाठी माझं मनगट वापरलंस. दुसऱ्या दिवसापासून पाटीवर लिहायला बसले की जुन्या लुगड्याची पट्टी काढून तू माझा डावा हात झग्याच्या नाडीला बांधायचीस. गाठ सैल असायची, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. वळ कधी उठला नाही. रडले तर तू म्हणायचीस, सासरी कोण ऐकून घेणार हाय. मी तोवर नीट लिहायलाही शिकले नव्हते आणि तू माझ्या सासरच्यांची काळजी करत होतीस. माझं अक्षर वाईट येतं म्हणून गुरुजी ओरडले, तेव्हाही तू त्यांना खरं सांगितलं नाहीस. मला शिवण जमत नाही, रांगोळी जमत नाही, दोरीवरच्या उड्या जमत नाहीत. पोरगी जरा वेंधळीच आहे असं घरात ठरलं, आणि ज्या एका माणसाला कारण माहीत होतं ती शेंगा सोलत राहिली.

नगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तू मला घड्याळ दिलंस. ते तू कसं मिळवलंस हे मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर तू पुडक्यातून ते काढलंस. मी नकळत उजवा हात पुढे केला, डावखुऱ्या माणसाचा घड्याळाचा हात तोच असतो. तू तो हलकेच खाली केलास, डावा हात हातात घेतलास आणि त्यावर बांधलंस. मला ते घड्याळ आवडलं होतं. मी ते कॉलेजभर वापरलं. त्यामुळेच त्याचा राग कुठे ठेवावा हे मला कळत नाही.

लोक मला सांगतात, त्या वेळची परिस्थिती बघ. मी बघते. तुझं लग्न झालं तेव्हा तू स्वतःच पोरसवदा होतीस, त्या घरात तुला कुणी डाव्या हाताने पाणीही देऊ दिलं नसतं, तुला माहेरीही असंच बांधलं असेल. हे सगळं मला समजतं. समजलं की राग जातो म्हणतात. माझा गेला नाही. उलट असं वाटतं की अडाणी काकूने मला मारलं असतं तर मी कधीच विसरले असते. पण तुला ठाऊक होतं. चुकीच्या हाताने थापलेली भाकरी कशी होते आणि बरोबर हाताने कशी होते, हे घरात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तू मला तेच दिलंस. लपून कसं जगायचं हेही नीट शिकवलं नाहीस. ते मी नुसतं बघून शिकले.

कंटेनरच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली, तीही तुझ्याच वळणाची. बाहेर काही सांडू नये, संध्याकाळच्या माणसाला कशाचा पत्ता लागू नये, याची मी इतकी काळजी घेतली की काही दिवसांनी खोलीची फाईल सुधारून ती नव्याने बांधताना बाहेरचा कामाचा फोल्डर आत जोडायचाच विसरले. सकाळभर काम केलं, सगळं आतल्या आत साठलं, आणि निघताना रोजच्यासारखी खोली मोडून टाकली. बाहेर काहीच उरलं नाही. घरी चहा टाकत होते तोवर त्याचा फोन. ताई, सकाळची फाईल कुठं हाय? डेअरीवाले सारखे फोन करत्यात. मी म्हटलं, असेल तिथेच, बघा. तो म्हणाला, "समदं बघितलं ताई. कुठल्या खोलीत ठिवून कुलूप लावून गेल्या व्हय?" मी परत गेले. केंद्रांकडून आलेल्या मूळ फायली शाबूत होत्या, म्हणून निभावलं. तो शेजारी स्टूल घेऊन बसला आणि मी सकाळचं सगळं काम पुन्हा केलं, डाव्या हाताने, तो बघत असताना. त्याच्यासमोर मी तो हात पहिल्यांदाच चालवला. तो मध्येच म्हणाला, ताई, तुमचा ह्यो हात लईच पळतो. मी त्याला फोल्डर नीट जोडल्याचं दाखवलं आणि विषय बदलला. साहेबांना त्याने काही सांगितलं नाही. माणूस चांगला आहे.

त्या दिवशी परत येताना मला तुझं आजारपण आठवलं. तुझी उजवी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण समजत सगळं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तू डाव्या हाताने जेवायला लागलीस. पहिल्याच दिवशी, एक शीत न सांडता. डाव्याच हाताने केस विंचरायचीस, डाव्याच हाताने लसूण सोलायचीस. काकू स्वतः तोवर वाकली होती. ती येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगायची, बघा, किती लौकर शिकली. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता हसशील, त्या दुपारसारखी. आता तरी म्हणशील, शिकले नाही बाई, मी अशीच आहे. कुणी काय केलं असतं? काकू दोन शब्द बोलली असती, संपलं असतं. मी तिथे बसले होते, माझी सगळी शाळा, कॉलेज, नोकरी उजव्या हाताने करून झालेली होती, आणि मला तेवढं एक वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू नजर ताटात घातलीस आणि जेवत राहिलीस. आजाराने तुला मुभा दिली होती, ती तू घेतलीस, आणि आजाराचंच नाव पुढे ठेवून गेलीस. पळीच्या माराहून मला याचा जास्त राग आहे. हे मी आजवर कधी लिहिलं नव्हतं, रोजच्या डायरीतही नाही.

आता उरलेलं सांगते. ते सांगायचं नव्हतं म्हणून इतकी लांबण लागली. आज निघायच्या वेळी संध्याकाळचा माणूस जरा लवकर आला. मी खोली मोडली होती, पण माउस अजून डावीकडेच होता. तो लगेच खुर्चीत बसला नाही. टेबलाशी घुटमळला.

"ताई, इचारू का? तुमी डावऱ्या हाय का?"

मी म्हटलं, का हो?

"माझी पोरगी डावरी हाय. औंदा पहिलीत गेली. शाळंत मॅडम काई म्हनत न्हाईत, पन आमच्या म्हातारीनं घोर घेतलाय. हात बांधा म्हनती तिचा. मी न्हाई म्हनतो, तर म्हनती, तुला काय कळतंय. तुमी येवढ्या शिकलेल्या. येकदा घरी येऊन म्हातारीला सांगा ना, की काई बिघडत न्हाई म्हनून. तुमचं ती ऐकंल."

मी पट्टा बांधलेला उजवा हात वर करून त्याला दाखवला. म्हटलं, नाही हो, मी नाही डावखुरी. हात दुखतो म्हणून सवय करून घेतली एवढंच.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मला आपलं वाटलं."

त्याने माउस उचलून उजवीकडे ठेवला आणि कामाला बसला. त्याचं घर मला माहीत आहे, तिथवर एसटी जाते. बेलापूरच्या त्या घरात कदाचित आत्ता एक म्हातारी जुनं कापड फाडत असेल. हे पत्र मात्र कुठेच जायचं नाही. ज्याला खरं सांगायचं होतं तो माणूस माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि त्याला मी नाही म्हणाले. मग घरी आले आणि तुझ्यावर रागवायला बसले.